डिप्रेशनची गोळी: त्रास आधी, फायदा नंतर. एसिटालोप्रॅम घेताना काय सांभाळायचं?

गोळी सुरू केली, दोन दिवसांत मळमळायला लागलं, झोप उडाली, जीव घाबराघुबरा झाला, म्हणून सोडून दिली. डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल ही तक्रार कुठेही ऐकायला मिळते. सोडणाऱ्याचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. बरं वाटावं म्हणून गोळी घेतली आणि होतं त्यापेक्षा वाईट वाटायला लागलं, तर कोण घेईल?

पण या गोळीचा स्वभावच असा आहे. तिचा त्रास पहिल्या आठवड्यात येतो आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला सहा आठवडेही लागू शकतात. मधले पंधरा दिवस रुग्णाच्या वाट्याला नुसता त्रास असतो. याच काळात त्याच्याशी बोलणारं, विचारपूस करणारं कुणी असेल तर तो टिकतो. नसेल तर स्ट्रिप कपाटात जाते.

शेंदूरजनाघाटसारख्या गावात हा प्रश्न जास्त टोचतो. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी आणि नर्सऱ्यांसाठी ओळखलं जातं. इथून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना अमरावती किंवा नागपूरची एसटी धरावी लागते. अख्खा दिवस जातो. मग पहिल्यांदा जाऊन गोळी लिहून आणली जाते, आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायला जायचं राहून जातं. त्यात आंबिया बहाराचा तोडा सुरू असेल तर विचारूच नका.

म्हणून एकाच औषधाबद्दल नीट बोलूया. एसिटालोप्रॅम. डिप्रेशन आणि अँक्झायटीसाठी भारतात सर्रास लिहिल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही त्याची भावंडं, सगळी एसएसआरआय या गटातली. त्यामुळे खाली जे आहे त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू होतं.

गोळी नक्की करते काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायनं सोडतात, सेरोटोनिन हे त्यातलं एक. निरोप दिल्यावर पेशी ते परत ओढून घेतात. एसिटालोप्रॅम ही परत ओढण्याची क्रिया अडवतं, त्यामुळे सेरोटोनिन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ राहतं. हे काही तासांत घडतं. मन सुधारायला मात्र आठवडे लागतात, कारण मेंदूला या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

'डिप्रेशन म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी होणं' हे वाक्य तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. ते इतकं सोपं नाही आणि तसं सिद्धही झालेलं नाही. पण कारण पूर्ण उलगडलेलं नाही म्हणून औषध चालत नाही, असंही नाही. 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 21 अँटीडिप्रेसंटचा मोठा आढावा आला होता. त्यात 522 चाचण्या आणि 1 लाख 16 हजारांहून जास्त रुग्ण होते. सगळी औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र फार मोठा नव्हता. परिणाम आणि सहन होणं या दोन्हीचा विचार करता एसिटालोप्रॅम वरच्या काही औषधांमध्ये होतं.

आणखी एक. ही झोपेची गोळी नाही आणि तिची नशा होत नाही. 'एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही' या समजात थोडं तथ्य आहे आणि बरीच भीती. त्याकडे पुढे येऊ.

नेहमीचे साइड इफेक्ट

अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात डिप्रेशनच्या चाचण्यांचे आकडे दिलेले असतात. मळमळ एसिटालोप्रॅम घेणाऱ्या 15 टक्के लोकांना झाली, नकली गोळी घेणाऱ्या 7 टक्के लोकांना. झोप न लागणं 9 टक्के आणि 4 टक्के. जुलाब 8 आणि 5. जास्त झोप येणं 6 आणि 2. जास्त घाम 5 आणि 2.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. बहुसंख्य लोकांना यातलं काही होत नाही. आणि ज्यांना होतं त्यातल्या काहींना ते नुसत्या साखरेच्या गोळीनेही झालं असतं, कारण डिप्रेशनमध्ये पोट आणि झोप आधीच बिघडलेली असते.

मळमळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते. जेवणानंतर गोळी घेतली तर सोपं जातं. झोप उडत असेल तर डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात, गुंगी येत असेल तर रात्री. पुष्कळ डॉक्टर 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून 10 वर नेतात, ते याचसाठी. कमाल डोस 20 मिलिग्रॅम. वय 65 च्या पुढे असेल तर युरोपातल्या नियमाप्रमाणे 10 च्या वर जात नाहीत. शेजाऱ्याला 20 ची गोळी चालते म्हणून आपल्याला चालेल असं नसतं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. लैंगिक इच्छा कमी होणं, पुरुषांमध्ये वीर्यपतन उशिरा होणं किंवा न होणं, स्त्रियांमध्ये तृप्ती न मिळणं. चाचण्यांमध्ये वीर्यपतनाची तक्रार 9 टक्के पुरुषांनी केली, नकली गोळी घेणाऱ्यांमध्ये ती 1 टक्क्याहूनही कमी होती. प्रत्यक्षात प्रमाण याहून जास्त असतं, कारण थेट विचारल्याशिवाय लोक सांगत नाहीत. गावातल्या ओपीडीत मागे दहा माणसं उभी असताना तर नाहीच. मळमळीसारखं हे आपोआप जाईल याची खात्री नसते. डोस कमी करणं, औषध बदलणं हे पर्याय असतात, पण त्यासाठी डॉक्टरांना कळायला हवं. तोंडाने सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. काही थोड्या लोकांमध्ये हा त्रास गोळी बंद केल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ही सूचना माहितीपत्रकात घालायला लावली.

काही जणांना वेगळंच वाटतं: रडू येत नाही, पण हसूही येत नाही. सगळं सपाट. हाही औषधाचा परिणाम असू शकतो आणि तोही सांगायचा असतो.

पहिल्या आठवड्यांतली बेचैनी

हा भाग घरच्यांनी वाचावा असा आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये सर्व अँटीडिप्रेसंटच्या पाकिटावर सर्वात ठळक इशारा छापायला लावला: मुलं आणि किशोरवयीनांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. यामागचे आकडे असे. दर 1000 रुग्णांमागे 18 वर्षांखालच्यांमध्ये असे विचार किंवा वागणं नकली गोळीच्या तुलनेत 14 जणांमध्ये जास्त दिसलं, 18 ते 24 वयात 5 जणांमध्ये जास्त. 25 ते 64 मध्ये उलट 1 ने कमी, आणि 65 च्या पुढे 6 ने कमी. मुलांच्या त्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती.

म्हणजे चाळिशीतल्या शेतकऱ्यासाठी आणि बारावीतल्या मुलीसाठी धोक्याचं गणित एकच नाही. पण लक्ष दोघांवरही ठेवायचं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, चिडतो, अजिबात झोपत नाही, मरणाचं बोलतो, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा.

आणखी एक चिन्ह फसवं असतं. उदास माणूस चार दिवसांत एकदम तेजीत येतो, झोपेची गरज वाटत नाही, पैसे उधळतो, मोठमोठे बेत करतो. घरच्यांना वाटतं गोळी लागू पडली. हा बायपोलर आजार असू शकतो आणि नुसती डिप्रेशनची गोळी त्याला उलट बाजूला ढकलते. पूर्वी कधी असं झालं असेल, किंवा घरात कुणाला असेल, तर पहिल्या भेटीतच सांगा.

सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत?

माझ्या मते आपल्या भागात खरा धोका इथे आहे. मानसोपचारतज्ज्ञाचा कागद वेगळा, बीपीच्या डॉक्टरांचा वेगळा, आणि मेडिकलमधून मागून आणलेल्या गोळीचा कागदच नाही.

अंगदुखीची गोळी. दिवसभर बागेत राबल्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणं नेहमीचं. एसिटालोप्रॅमसोबत ती वारंवार घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आणखी. शौच काळी होणं, सहज निळे डाग पडणं, हिरड्यांतून रक्त येणं याकडे लक्ष ठेवा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरी.

ट्रॅमाडोल ही जोरकस वेदनाशामक मात्र वेगळ्या कारणाने धोक्याची. तीही सेरोटोनिन वाढवते. खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, मायग्रेनच्या काही गोळ्या, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिड हेही त्याच यादीत. दोन्ही एकत्र आले की सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: अंगाला कंप, पाय ताठ होऊन झटके, भरपूर घाम, ताप, जुलाब, गोंधळलेपण. हे क्वचित होतं, पण झालं तर थेट दवाखाना.

इथे वऱ्हाडासाठी एक खास अडचण आहे. घाम, कंप, उलटी, जुलाब ही लक्षणं कीटकनाशकाच्या विषबाधेचीही आहेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या सहसा बारीक होतात आणि लाळ सुटते, सेरोटोनिन सिंड्रोममध्ये बाहुल्या मोठ्या होतात. पण हा निवाडा घरी करायचा नाही. दवाखान्यात दोन्ही गोष्टी सांगायच्या: आज फवारणी केली होती, आणि ही गोळी चालू आहे.

गॅसची गोळी. ओमेप्राझोलमुळे एसिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण सुमारे 50 टक्क्यांनी वाढू शकतं. म्हणजे 10 ची गोळी घेऊन शरीराला 15 चा हिशेब. एसिटालोप्रॅमचा डोस वाढला की काहींमध्ये हृदयाच्या ठोक्याची विद्युत लय लांबते. गॅसच्या कॅप्सूलमध्ये बरेचदा असलेलं डोम्पेरिडोन, उलटीवरचं ऑनडान्सेट्रॉन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांचाही लयीवर तसाच परिणाम होतो. हृदयाचा आजार असेल, किंवा गोळी सुरू केल्यावर धडधड होऊन चक्कर येऊन पडायला झालं, तर ईसीजी काढून घ्या.

बीपीची गोळी. वरुड-मोर्शीकडचा मे महिना म्हणजे 44-45 अंश. साठीच्या पुढचा माणूस, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, वर एसिटालोप्रॅम, आणि घाम गाळून नुसतं साधं पाणी. अशा माणसाचं रक्तातलं सोडियम घसरू शकतं. सुरुवात डोकेदुखी, अशक्तपणा, झोक जाणं यांनी होते, पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात ऊन लागलं, किंवा म्हातारपण आलं. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. वयस्कर माणसाला गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सोडियम एकदा तपासायला सांगा, आणि तपासल्याशिवाय आपल्या मनाने मीठ वाढवू नका, बीपी आहे.

दारू. औषधाच्या कागदावर 'टाळा' एवढंच लिहिलेलं असतं. दारू स्वतःच डिप्रेशन वाढवते, झोप मोडते, आणि पुढचा मुद्दा लागू असेल तर जीवावर बेतते.

नावापुढचं 'प्लस' बघा

मेडिकलमध्ये एसिटालोप्रॅमच्या कित्येक ब्रँडची एक जोडगोळी मिळते. नाव जवळजवळ तेच, पुढे 'प्लस' किंवा तसंच काही शेपूट. त्यात बहुधा क्लोनाझेपाम मिसळलेलं असतं. ते औषध वेगळ्या गटातलं आहे. त्याने तासाभरात शांत वाटतं, झोप लागते. सुरुवातीची बेचैनी शमवायला डॉक्टर ते थोडे दिवस देतात, ते योग्यही आहे.

पण सवय लागते ती याची. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर ते मागायला लागतं, एकदम बंद केलं तर फिटही येऊ शकते. दारूसोबत श्वास मंदावतो. ट्रॅक्टर, बाइक, कडबा कुट्टी यंत्र चालवणाऱ्याला दुपारची गुंगी परवडणारी नाही. 'डिप्रेशनच्या गोळीचं व्यसन लागतं' असं ज्यांनी पाहिलेलं असतं, त्यांनी बरेचदा ही जोडगोळी पाहिलेली असते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. एक नाव आहे की दोन, ते वाचा. दोन असतील तर 'हे दुसरं किती दिवस?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारणं तुमचा हक्क आहे.

संत्रं चालतं का?

शेंदूरजनाघाटबद्दल लिहिताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. सर्ट्रालिनसारख्या काही औषधांच्या पत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असं असतं. या फळातले काही घटक औषध पचवणाऱ्या यंत्रणेला अडवतात. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, शब्दशः भाषांतराने तशी गल्लत होते. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं मोठं, कडसर फळ. आपल्याकडच्या पपनसात तसेच घटक असतात. नागपुरी संत्र्याला हा नियम लागू नाही. खा.

आणि बंद कशी करायची?

बरं वाटायला लागलं की गोळी बंद करायचा मोह होतो. डॉक्टर साधारणपणे बरं वाटू लागल्यावर आणखी किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात, आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर जास्त.

एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका आल्यासारखं वाटणं सुरू होऊ शकतं. 2024 च्या एका मोठ्या आढाव्यात अँटीडिप्रेसंट थांबवणाऱ्या सुमारे 31 टक्के लोकांना असा काहीतरी त्रास झाला, नकली गोळी थांबवणाऱ्यांमध्येही 17 टक्के लोकांना झाला. तीव्र त्रास साधारण 35 जणांत एकाला. याला व्यसन म्हणत नाहीत, कारण तलफ नसते, डोस आपोआप वाढवावासा वाटत नाही. पण ज्याला होतो त्याला तो खराच असतो आणि 'आजार परत आला' असं वाटून माणूस खचतो.

आजार खरंच परतण्याची शक्यताही असते. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या 478 जणांवरचा अभ्यास 2021 मध्ये आला. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना डिप्रेशन पुन्हा झालं, हळूहळू थांबवलेल्यांपैकी 56 टक्के. उलटं वाचलं तर थांबवलेल्यांपैकी 44 टक्के लोक त्या वर्षात ठीक राहिले. दोन्ही बाजू डॉक्टरांसमोर ठेवूनच हा निर्णय घ्यायचा. बंद करताना 10 वरून 5, मग आणखी कमी, मधे काही आठवडे, असं उतरायचं असतं.

एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणून ठेवा. तोड्याच्या हंगामात अमरावतीला जाणं जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगून जास्त दिवसांची चिठ्ठी घ्या. मात्र आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाच्या हाती महिनोन्‌महिन्यांचा साठा देऊ नका, तो घरातल्या कुणीतरी सांभाळायचा.

गरोदर असाल किंवा बेत असेल तरी गोळी घाबरून एकदम सोडू नका. आईचं डिप्रेशन उपचाराविना राहणं बाळासाठीही चांगलं नसतं. लगेच डॉक्टरांना भेटा, ते धोका दोन्हीकडून तोलतात.

विचारायचं कुणाला?

अंतर ही अडचण खरी आहे, पण अंतर कापता येतं हे याच जिल्ह्यात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज लागली तरच मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे गेलेल्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. हे नुसत्या गोळ्यांनी झालं नाही, विचारपूस करणारं माणूस दारापर्यंत पोहोचलं हा त्यातला मोठा भाग होता.

आज तुमच्या हातात काय आहे? 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस हेल्पलाइन, नंबर 14416. फुकट, चोवीस तास, मराठीत. गोळीने काय होतंय हे तिथे विचारता येतं, आणि मरणाचे विचार येत असतील तरीही हाच नंबर. प्रत्यक्ष दाखवायला वरुडचं ग्रामीण रुग्णालय जवळ, आणि मानसोपचारासाठी अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. गॅसची, अंगदुखीची, आयुर्वेदिक, सगळ्या.

औषधाने गंभीर काही झालं असं वाटलं तर त्याची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे 1800-180-3024. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर आणि गोळी कोणत्या तारखेला सुरू केली ते जवळ ठेवा, म्हणून रिकामी स्ट्रिप लगेच फेकू नका.